चिघळलेला डायपर रॅश: कशानंतर काय करायचं

जराशी लाली असेल तर दोन दिवस डायपर कमी घातला की ती आपोआप ओसरते. कातडी सोलवटलेली आहे, ओलसर चकाकतेय, कुठे रक्ताचे बारीक ठिपके दिसतायत आणि शी झाली की बाळ कळवळून रडतंय, अशा रॅशसाठी हा लेख आहे. बहुतेक घरांत अशा वेळी बरंचसं लागणारं सामान हाताशी असतं. चुकतो तो क्रम.

दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली, दर वेळी डायपर बदलताना जुनं मलम घासून पूर्ण काढणं. कातडी त्या मलमाखालीच भरून येत असते, आणि घासताना ती नवी पापुद्र्याएवढी पातळ कातडी मलमाबरोबर निघून जाते. दुसरी, बुरशी आहे की नाही ते न बघता वर जाड लेप थापणं किंवा केमिस्टने दिलेली कुठलीतरी ‘मिक्स’ ट्यूब लावणं.

आधी हे बघा: घरी थांबायचं की डॉक्टर गाठायचे

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा:

- बाळ ६ आठवड्यांपेक्षा लहान आहे
- १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त ताप आहे. ३ महिन्यांखालच्या बाळाला एवढा ताप असेल तर रात्र असली तरी लगेच निघा
- पाण्याचे किंवा पुवाचे फोड आहेत, मधासारखी पिवळी खपली धरतेय
- शीच्या जागेभोवती रेघ मारल्यासारखी ठळक लाल कडा आहे आणि शी करताना बाळ कुंथून रडतंय
- भाजल्यासारखी कातडी पापुद्रे सुटून निघतेय, किंवा रॅश पोटावर, पाठीवर पसरलाय
- बाळ पीत नाही, मलूल पडलंय, शू कमी झालीय

जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. ‘एक पांढरं मलम होतं’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. मुंबईत खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर परळचं वाडिया बाल रुग्णालय आहे. केईएम, शीवचं लोकमान्य टिळक आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांतही बालरोग आणि त्वचारोग विभाग आहेत.

टप्पा १: रॅश कुठल्या जातीचा ते उजेडात ओळखा

खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली लाल रंग फसवतो, आणि सावळ्या बाळांत तो जांभळट किंवा तपकिरीही दिसतो. म्हणून रंगापेक्षा जागा बघा. जांघेची घडी हलक्या हाताने उघडा.

*घड्या स्वच्छ, उंचवटे लाल.* ढुंगणाचे गोल भाग, मांड्यांची आतली बाजू, ओटीपोट, म्हणजे जिथे डायपर टेकतो तिथेच लाली. हा शी-शूच्या ओलाव्याचा रॅश. ओलाव्याने कातडी फुगते, शूमधून अमोनिया तयार होऊन कातडीचा आम्लपणा जातो, आणि मग शीतले पाचक रस त्या कातडीवरच काम करू लागतात. म्हणून शी लागून राहिली की थोड्या वेळातसुद्धा एवढं नुकसान होतं.

*घड्यांतही गडद लाल, आणि कडेला सुटे ठिपके.* मुख्य लाल पट्ट्यापासून थोडं दूर राईच्या दाण्याएवढे लाल ठिपके विखुरलेले असतील तर ही बहुधा कॅन्डिडा बुरशी. नुकतंच बाळाला, किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला अँटिबायोटिक झालंय? बाळाच्या तोंडात, पुसून न जाणारे पांढरे चट्टे आहेत? मग संशय पक्का. ओलाव्याचा रॅश ३ दिवसांहून जास्त टिकला तर त्यावरही ही बुरशी चढते, त्यामुळे दोन्ही एकत्र असणं नेहमीचं आहे.

तपासणी: रोज सकाळी त्याच खिडकीपाशी एक फोटो काढून ठेवा. रोज डोळ्यांनी बघणाऱ्याला सुधारणा किंवा बिघाड कळत नाही. तीन फोटो शेजारी ठेवले की कळतो.

टप्पा २: बाळाला उचलण्यापूर्वी सगळं मांडून ठेवा

अर्धवट पुसलेलं बाळ एका हातात धरून दुसऱ्या हाताने ट्यूबचं झाकण उघडताना घाई होते, आणि घाईत घासलं जातं. म्हणून आधी मांडामांड:

- उकळून कोमट केलेलं पाणी, साधारण १ लिटर, झाकणाच्या भांड्यात. सोलवटलेल्या कातडीला टाकीचं पाणी थेट लावू नका, पावसाळ्यात तर नाहीच
- पाणी सोडायला नरम बाटली, झाकणाला बारीक भोक पाडलेली, किंवा चोचीचा तांब्या
- कापसाचे मोठे बोळे, निदान १०
- जुन्या, धुऊन मऊ झालेल्या मलमलचे हातभर तुकडे, ४ ते ५
- झिंक ऑक्साइडचं घट्ट मलम. ट्यूबवर टक्केवारी वाचा. बऱ्याच ‘बेबी रॅश’ क्रीममध्ये ती कमी असते. चिघळलेल्या रॅशला २० ते ४० टक्क्यांचं हवं
- साधी पेट्रोलियम जेली, सुवासाशिवायची
- खोबरेल तेल किंवा बिनवासाचं बेबी ऑइल, वाटीत २ चमचे
- बुरशी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं क्लोट्रिमॅझोल १ टक्का किंवा मायकोनॅझोल २ टक्के, नुसतं, दुसरं काही न मिसळलेलं
- खाली घालायला रबरी शीट आणि वर जुनी चादर

मलम कमी आणू नका. चिघळलेल्या रॅशला ५० ग्रॅमची ट्यूब काही दिवसांतच संपते, संपायलाच हवी. महिनाभर पुरली असेल तर थर पातळ लागतोय.

हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या, अंगठ्या-बांगड्या काढा.

टप्पा ३: धुणं

१. डायपर उघडा. सुटी शी डायपरच्याच स्वच्छ भागाने पुढून मागे उचलून घ्या. घासू नका.

२. कोपर बुडवून पाणी बघा. कोपराला ते ना गरम ना गार लागलं पाहिजे.

३. बाळाला कुशीवर किंवा उताणं धरून बाटलीने पाणी सोडा. शी धारेनेच वाहून जाऊ द्या. बेसिनच्या नळाखाली धरायची आपल्याकडे सवय आहे, पण नळाची जोरदार धार उघड्या कातडीला चाबकासारखी लागते. जेट स्प्रे तर लांबच ठेवा.

४. जे धारेने निघालं नाही ते तेलात भिजवलेल्या बोळ्याने टिपा. बोळा ठेवा, १० सेकंद थांबा, उचला. दर वेळी नवा बोळा.

५. मुलगी असेल तर नेहमी पुढून मागे. मुलगा असेल तर अंडकोषाखालची घडी विसरू नका. शिश्नाची कातडी मागे ओढू नका.

दिवसातून २ ते ३ वेळा, विशेषतः शी झाल्यावर, टबमध्ये कमरेएवढं कोमट पाणी घेऊन बाळाला ५ ते १० मिनिटं बसवा. मान धरत नसेल तर आडव्या हातावर पेलून कंबर तेवढी बुडवा. एक हात सतत बाळावर हवा. पाण्यात काही मिसळू नका. ना अँटिसेप्टिक लिक्विड, ना मीठ, ना तुरटी. खायचा सोडा घालण्याचा सल्ला बरेच जण देतात. फुटलेल्या कातडीतून तो रक्तात जाऊन बाळाच्या अंगातले क्षार बिघडू शकतात.

शू झाली असेल तर एवढं सगळं करायची गरज नाही. पाण्याची हलकी धार, टिपणं, पुढे चला.

इशारा: साबण नको. कातडीला आम्लपणा लागतो, साधा साबण उलट अल्कधर्मी असतो. वेट वाइप्स, ‘बेबी’ लिहिलेले असले तरी, कातडी बंद होईपर्यंत कपाटातच राहू द्या.

बाळ धुताना फार कळवळत असेल तर डॉक्टरांना वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचा डोस विचारा. दुखणं कमी झालं की बाळ पाय झाडत नाही आणि धुणं हलक्या हाताने होतं. ३ महिन्यांखाली मात्र आपल्या मनाने एक थेंबही देऊ नका. तापाची खूण त्यात झाकली जाते.

टप्पा ४: टिपा, मग वाऱ्यावर ठेवा

मलमलचा तुकडा ठेवून दाबा, उचला. घडी उघडून तिथेही टिपा. घडीतला ओलावा बुरशीचं घर.

मग रबरी शीटवर चादर घालून बाळाला १५ ते २० मिनिटं उघडं ठेवा. दिवसात असं ४ वेळा जमलं तर उत्तम. पालथं ठेवायचं तर तुम्ही समोर बसून, बाळ जागं असताना. पंखा चालेल, थेट अंगावर नको. हेअर ड्रायर कधीच नको, ‘थंड’ बटणावरसुद्धा. बोट चुकलं की भाजतं.

मुंबईच्या दमट हवेत, जुलै-ऑगस्टमध्ये तर खासच, वाऱ्यावर ठेवूनही घड्या चिकट राहतात. अशा दिवसांत वेळ वाढवत बसण्यापेक्षा दुसरा कोरडा तुकडा घेऊन पुन्हा एकदा टिपा.

तपासणी: घडीत स्वच्छ बोटाचं टोक ठेवा. चिकटलं तर अजून कोरडं झालेलं नाही. ओलाव्यावर मलम टिकत नाही, घसरतं, आणि आत कोंडलेलं पाणी कातडी आणखी फुगवतं.

टप्पा ५: लेप, आणि त्यातला क्रम

बुरशीची शंका असेल तर बुरशीचं मलम सगळ्यात आधी, थेट कातडीवर, अगदी पातळ. वाटाण्याएवढं मलम साधारण पुरतं. ठिपक्यांच्या थोडं पुढेपर्यंत, घडीत आतपर्यंत पसरा आणि ३ ते ४ मिनिटं थांबा. हे दिवसातून २ ते ३ वेळाच, दर डायपरला नाही. झिंक आधी लावून वर बुरशीचं मलम लावलं तर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. ‘आठवडा झाला, फरक नाही’ म्हणणाऱ्यांत ही गफलत फार दिसते.

त्यावर झिंक. इथे हात सैल सोडा. पोळीवर तूप चोळतो तसा थर उपयोगाचा नाही. खालची कातडी अजिबात दिसू नये एवढा, २ ते ३ मिलिमीटर जाड, भिंतीला लांबी भरतात तसा थापायचा. बोटाने घासून पसरवू नका. ट्यूबमधून ठिपके टाका आणि बोट आडवं धरून एकाच दिशेने ओढा. शीच्या जागेभोवती थर सर्वांत जाड हवा, कारण पहिला मार तिथेच बसतो.

सगळ्यात वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. त्याने मलम डायपरला चिकटून निघत नाही, आणि पुढची शी वरच्यावर घसरते.

कातडी पाझरत असेल तर झिंक त्यावर धरत नाही, सरकत राहतं. मोठ्या मेडिकल दुकानात मिळणारी स्टोमा पावडर (पेक्टिनची, ओलावा शोषून चिकट थर करणारी) अशा जागी कामाची आहे. आधी तळहातावर घेऊन बोटाने चिमूटभर लावा, जास्तीची बाळाच्या तोंडापासून दूर मलमलने झटका, मग झिंक. हे एकदा डॉक्टरांकडून बघून घेतलेलं बरं.

टप्पा ६: डायपर की लंगोट

चिघळलेल्या दिवसांत बाजारचा डायपर वाईट आणि कापडाचा लंगोट चांगला, असं सरसकट म्हणता येत नाही. जेलचा डायपर शू आत ओढून घेतो, ओला लंगोट ती कातडीला धरून ठेवतो. लंगोट तेव्हाच चांगला जेव्हा तो भिजताक्षणी बदलणारं माणूस घरात आहे. नसेल तर डायपर घ्या, एक माप मोठा, पट्ट्या सैल. पोटाशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी घालू नका. बाहेरचं अंथरुण वाचतं आणि आत वाफ कोंडते.

दिवसा दर २ तासांनी बघा, शी झाली की त्या मिनिटाला बदला. रात्रीही एकदा, दोन-तीनच्या सुमारास उठा. पहिल्या ३ रात्री हे जागरण टाळता येत नाही.

टप्पा ७: पुढची शी (बहुतेक घरांत इथेच बिघडतं)

डायपर उघडल्यावर पांढऱ्या लेपावर शी बसलेली दिसते आणि हात आपोआप सगळं पुसून काढायला जातो. थांबा. लेपाचा वरचा, खराब झालेला पापुद्रा तेवढा तेलाच्या बोळ्याने उचला. खाली पांढरं झिंक कातडीला धरून आहे ना? तसंच राहू द्या. गेलं असेल तिथे तेवढीच भर घाला.

पूर्ण लेप दिवसातून एकदाच काढायचा, अंघोळीच्या वेळी. तेल लावून ५ मिनिटं मुरू द्या, मग कोमट पाण्यात बसवा. तरी थोडं राहिलं तर राहू द्या. बुरशीचं मलम लावायच्या वेळा या अंघोळीला आणि बसवण्याच्या पाण्याला जोडून ठेवा, म्हणजे कातडी उघडी मिळते आणि वेगळं खरवडावं लागत नाही.

आजी किंवा सांभाळणारी ताई दिवसभर बाळाकडे असेल तर त्यांना हा टप्पा स्वतः करून दाखवा. नुसतं सांगितल्याने होत नाही. स्वच्छतेच्या मायेपोटीच त्या सगळं पुसतात.

हे लावू नका, कोणीही सांगितलं तरी

*स्टेरॉइडची मिक्स ट्यूब.* मागच्या बाजूला बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव, जोडीला एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध. ही ट्यूब चिठ्ठीशिवाय सहज हातात पडते. दोन दिवसांत लाली ओसरते, म्हणून विश्वास बसतो. पण डायपरखाली झाकलेल्या कातडीतून स्टेरॉइड जास्त शोषलं जातं, कातडी पातळ होते, बुरशी दबून पसरते, आणि ट्यूब थांबवली की रॅश दुप्पट उसळतो. डॉक्टर कधीकधी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन मोजक्या दिवसांसाठी देतात. ती गोष्ट वेगळी, आणि तीही त्यांनी सांगितली तरच.

*पावडर.* टाल्कम बाळाच्या श्वासात जाते आणि घडीत ओली होऊन खड्यासारखी घासते. बोरिक पावडर तर विषारी आहे, फुटलेल्या कातडीतून अंगात भिनते. कॅरमच्या बोर्डावर तिचं काम असेल, बाळावर नाही.

*कापूर असलेलं मलम.* घरोघरी असतं, मोठ्यांच्या टाचांना ठीक. तान्ह्या बाळात कापूर अंगात गेला तर झटके येऊ शकतात.

*भाजल्यावरचं पांढरं मलम.* सिल्व्हर सल्फाडायझिनमध्ये सल्फा असतो, २ महिन्यांखाली तो द्यायचा नसतो.

*अँटिबायोटिक पावडर, कॅलामाइन, हळद, बेसन, धुरी.* पहिलीतल्या निओमायसिनची अ‍ॅलर्जी होऊ शकते, कॅलामाइन उघड्या कातडीला आणखी सुकवतं. मालिशवाल्या मावशींना तेवढे दिवस कमरेखाली बेसन आणि शेक-धुरी नको असं स्पष्ट सांगा, बाकी मालिश चालू राहू द्या.

आणि ‘उष्णता बाहेर पडतेय’ म्हणून सब्जाचं पाणी किंवा धण्याचं पाणी पाजू नका. ६ महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय साधं पाणीसुद्धा नको. वरचं खाणाऱ्या बाळाला मोसंबीचा रस, टोमॅटोचं सार हे मात्र आठवडाभर थांबवून बघा. आंबट शी जास्त झोंबते.

लंगोट धुणं आणि वाळवणं

शी लागलेले कपडे वेगळे. आधी गार पाण्यात खळबळून शी काढा, मग गरम पाण्यात (६० अंश मशीनमध्ये) बिनवासाच्या पावडरीने धुवा, आणि ३ पाण्यांत खळबळा. तिसऱ्या पाण्यातही फेस दिसला तर चौथं. कपड्यात राहिलेला साबण शू लागताच पुन्हा जागा होतो. फॅब्रिक कंडिशनर आणि जंतुनाशक द्रव दोन्ही बंद. कंडिशनरने कापड पाणी शोषत नाही.

पावसाळ्यात खोलीतल्या दोरीवर लंगोट दोन दिवस दमट लोंबतात. अशा कपड्यांना दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करा, कडांना आणि शिवणींना जास्त वेळ, आणि पूर्ण गार झाल्यावरच बाळाला घाला. एवढे कपडे वाळत नसतील तर ते ८-१० दिवस सरळ बाजारचे डायपर वापरा.

जुलाब चालू असतील तर

मलम कितीही चांगलं लावलं तरी दिवसाला आठ-दहा शी होत असताना रॅश बरा होणार नाही. आधी जुलाबाचं बघा. ओआरएस आणि १४ दिवसांचं झिंकचं पोटात द्यायचं औषध बाळाच्या वयाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या. हे झिंक आणि मलमातलं झिंक एक नव्हे, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. जुलाबात दर शीनंतर लेपाला भर घालत राहा. टाळू आत गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ६ तास शू नाही, तर लगेच रुग्णालय.

किती दिवसांत काय दिसायला हवं

पहिल्या २४ तासांत लाली तशीच राहील, पण बाळाचं रडणं कमी व्हायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाझर थांबतो, चकाकी जाऊन कातडी मंद दिसते. पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत कडेकडून नवी, गुलाबी, किंचित सुरकुतलेली कातडी येते. सावळ्या बाळांत तिथे फिकट किंवा गडद डाग राहतो. तो काही आठवड्यांत जुळतो, त्यावर काही लावू नका.

बुरशीचं औषध ठिपके गेल्यावर लगेच थांबवू नका, निदान २ ते ३ दिवस पुढे चालू ठेवा. डॉक्टरांनी वेगळी मुदत सांगितली असेल तर ती पाळा.

तिसऱ्या दिवशीचा फोटो पहिल्यासारखाच दिसत असेल तर पुढचे टप्पे रेटत बसू नका, दाखवा. तोंडाभोवती आणि हातापायांवरही तसेच चट्टे, केस विरळ होणं, सतत जुलाब हे सगळं एकत्र असेल तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा. अंगात झिंक कमी असल्यानेही असा रॅश येतो आणि त्याला मलम पुरत नाही.

कातडी बंद झाली की झिंकचा जाड थर सोडून पातळ थर रात्रीच्या डायपरला आणि लांबच्या प्रवासाआधी लावत जा. वाइप्स परत सुरू करायचे तर एकाच बाजूला एक दिवस वापरून बघा. लाली आली नाही तरच दुसऱ्या बाजूला.